आतून कडी

गल्लीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद झाल्या होत्या. उघड्या राहिल्या होत्या त्या फक्त मिस्त्रींच्या. यात नवल काही नाही. चक्रीवादळ येणार अशी बातमी आल्यापासून हा माणूस खांद्यावर शिडी टाकून दारोदार फिरत होता. कुणी नुसतं "मिस्त्री, आमचं तेवढं बघा हो" म्हटलं की झालं, निघाले. दुकानांतलं प्लायवूड संपलं, तेव्हा स्वतःच्या खिडक्यांसाठी मापानं कापून भिंतीला टेकवून ठेवलेले तुकडेही त्यांनी उचलले आणि पलीकडच्या बाळंतिणीच्या घराला ठोकून आले. तुकडे तिथे चारी बाजूंनी मोठे झाले. "कमी पडण्यापेक्षा बरं," असं म्हणून मिस्त्रींनी घाम पुसला.

"लष्करच्या भाकऱ्या भाजून झाल्या?" त्यांच्या बायकोनं दारातच विचारलं. गल्ली तिला मिस्त्रीणबाई म्हणायची. तिचं खरं नाव फक्त डॉक्टर विचारायचे, तेही औषधाच्या चिठ्ठीवर लिहायचं म्हणून. "आता आपल्या खिडक्यांना काय चादरी बांधू?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली आणि घरात नजर फिरवली. "दारं आहेत की," ते म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी घरातली दारं काढायला घेतली. स्वयंपाकघराचं दार गेलं, त्यांच्या खोलीचं गेलं, मग न्हाणीघराचं. बिजागऱ्या खोलायच्या, दार उचलून बाहेर न्यायचं, खिडकीवर आडवं धरून स्क्रू पिळायचे. मिस्त्रींची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या, हा सगळा प्रकार खुर्चीत बसून पाहत होती. तिला ऐकू कमी यायचं, पण जिभेला काही कमी नव्हतं.

"न्हाणीचंसुद्धा काढलंस? अरे, मी आंघोळ कुठे करू?"

"पडदा लावतो, ताई."

"वाऱ्यानं पडदा उडाला म्हणजे?"

"तेवढ्या वाऱ्यात बघायला कोण येणार आहे?"

आत्या तोंडावर हात धरून हसली. घाबरलेल्या घरात कुणीतरी हसावं लागतं. या घरात ते काम आत्याकडे होतं.

मिस्त्रीणबाईला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या पोटात सकाळपासून एक गोष्ट होती आणि ती तिला स्वस्थ बसू देत नव्हती. सकाळी मिस्त्री बाहेर पडल्यावर तिनं पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या जिन्यात उभं राहून जावयाला फोन केला होता. "आमच्या घराचं काही खरं नाही. पत्रे जुने, खिडक्या उघड्या. तुम्ही येऊन चिमीला घेऊन जा."

चिमी ही त्यांची एकुलती एक लेक. थंडी संपता संपता एक पिशवी घेऊन माहेरी आली, "थोडे दिवस राहते" म्हणाली आणि राहिली ती राहिलीच. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही." भांडण झालं? "नाही." हात उचलतो का? "नाही गं." मग मिस्त्रीणबाईनं आपल्या अनुभवाप्रमाणे निकाल लावून टाकला. एका घरात राहायचं म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. त्याचा एवढा बाऊ करायचा नसतो. शिवाय जावई म्हणजे लाखात एक. आवाज कधी चढायचा नाही. दर रविवारी न चुकता फोन करायचा. "तिला वेळ हवा असेल तर घेऊ दे, आई," असं मऊ आवाजात म्हणायचा. शेजारणी चिमीबद्दल विचारायला लागल्या तेव्हा मिस्त्रीणबाईनं सांगून टाकलं की वन्संची तब्येत बरी नसते, म्हणून मुलगी मदतीला आली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्या ठणठणीत होती, पण तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

आता वादळ आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, मिस्त्रीणबाईला त्यात थोडी सोय दिसली. जावयाचं घर आत, उंचावर, पक्क्या स्लॅबचं. पोर सुरक्षित राहील, आणि अशा प्रसंगात नवऱ्याच्या जवळ राहिली म्हणजे मनातली अढीही निघून जाईल. हे काही वाईट मनानं केलं नव्हतं तिनं. पण बोलली होती ती मात्र जिन्यात उभं राहून, हळू आवाजात.

दुपारपर्यंत घरात नुसती धावपळ. वारा अजून मोठा नव्हता, पण मधेच एखादा झोत यायचा आणि अंगणातली बादली घरंगळत जायची. समुद्र गल्लीच्या टोकाशी होता. एरवी त्याचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही, आज दोन माणसं बोलताना थांबली की तेवढ्यात तो बोलून घ्यायचा. बादल्या, पातेली, कुकरसुद्धा पाण्यानं भरून झाले. घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी डब्यात, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. काड्यापेट्या कोरड्या जागी. आत्याची कवळी आणि तिचा रेडिओ एका रुमालात बांधून तिच्या मांडीवर, कारण ते दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायला ती तयार नव्हती. कुंड्या आत, दोऱ्या आत, शिडी शेवटी आत.

या सगळ्यात चिमी दोघांचं काम एकटी करत होती. ती वर चढली, पाण्याच्या टाकीचं झाकण दोरीनं आवळून बांधलं, गाठ ओढून पाहिली, समाधान झालं नाही म्हणून सोडून परत बांधली. खालून बघताना मिस्त्रीणबाईला वाटलं, हिच्या बापाचाच हात आहे हा. किती दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता. वादळाची भीती सगळ्यांना वाटत होती, तिला तेवढी वाटत नसावी.

खाली आल्यावर चिमीला दाराजवळ ठेवलेल्या पिशव्या दिसल्या. वेळ आलीच तर शाळेत आसरा घ्यायला जावं लागेल म्हणून मिस्त्रीणबाईनं प्रत्येकाचा एकेक जोड भरून ठेवला होता. चिमीची पिशवी मात्र फुगली होती.

"माझेच एवढे कपडे कशाला?"

"असू देत. ओले झाले तर लागतील."

"माझेच ओले होणार?"

बटाटे उकडत ठेवायचे आहेत असं म्हणून मिस्त्रीणबाई आत गेली. बटाटे तिनं आधीच उकडून ठेवले होते.

तेवढ्यात मिस्त्री हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. समोरच्या मोठ्या खोलीची रुंद खिडकी समुद्राकडे तोंड करून तशीच उघडी होती आणि घरात काढण्यासारखं एकच दार उरलं होतं. चिमीच्या खोलीचं. खोली म्हणायची म्हणून खोली. घराच्या मधोमध असलेली मिस्त्रींची ती लाकूडफाट्याची अडगळ होती, खिडकी नाही, वर नुसता हातभर झरोका. चिमी आली तेव्हा आईनं तिला समोरची हवेशीर जागा दिली होती. पण तिनं ही मागून घेतली, लाकडं एका बाजूला रचली आणि त्या दिवसापासून ती रोज दार लावून आतून कडी घालून झोपायची. दुपारी दहा मिनिटं पडायची तरी कडी. मिस्त्रीणबाईला त्याचा फार राग यायचा. 'महाराणींचा महाल' असं ती म्हणायची, चिमीला ऐकू जाईल अशा बेतानं.

मिस्त्रींनी वरच्या बिजागरीला स्क्रूड्रायव्हर लावला. चिमीनं दारावर हात ठेवला.

"बाबा, हे नको."

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. वादळ गेलं की पहिलं तुझंच बसवतो."

"दुसरं काहीही काढा. हे नको."

सकाळपासून जे पोटात होतं ते मिस्त्रीणबाईच्या तोंडातून भलत्याच वाटेनं बाहेर पडलं. "घरावर वादळ आलंय आणि हिला दार हवंय! तुझी म्हातारी आत्या पडद्याआड आंघोळ करणार, ते चालतं. तुला एवढं काय कोंडून घ्यायचं असतं गं सारखं? सासरीसुद्धा अशीच कडी घालून बसायचीस का?"

चिमी वळली. तिचा आवाज चढला नाही.

"सासरी आतून कडी नव्हती, आई."

"काहीतरीच बोलू नकोस. तुझ्या बाबांनी स्वतः बसवलीय."

ते खरं होतं. लग्नात दुसरं काही देण्यापेक्षा मिस्त्रींनी लेकीच्या सासरच्या खोलीचं दार आपल्या हातानं करून दिलं होतं. दार खांद्यावरून नेऊन त्यांनीच चौकटीत बसवलं होतं, आणि आतल्या बाजूला जाड पितळी कडी. ती सरकवली की आवाज येत नसे, याचं त्यांना कौतुक होतं.

"मी आतून बसवली होती," मिस्त्री म्हणाले.

"हो. त्यानं काढून बाहेरून लावली. स्क्रू तुमचेच वापरले." चिमी दाराकडेच बघत होती. "आधी फक्त चिडला की लावायचा. मग कामावर जाताना लावायला लागला. म्हणायचा, तू घरात आहेस हे माहीत असलं की माझं कामात लक्ष लागतं. संध्याकाळी आला की हसत उघडायचा. येताना काहीतरी खायला आणायचा. एकदा मित्रांबरोबर परगावी गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आला. म्हणाला, विसरलोच."

बाहेर कुणाचा तरी पत्रा निसटून रस्त्यावर आपटला. आत्याला एरवी कितीदा हाका मारूनही ऐकू जायचं नाही, पण हे सगळं ऐकू गेलं होतं. तिनं मांडीवरचं बोचकं घट्ट धरलं.

"मग सांगायचं नाहीस का गं?" मिस्त्रीणबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"सांगणार होते. तू म्हणालीस, भांड्याला भांडं लागायचंच." चिमीनं खांदे उडवले. "आणि त्यानं मारलं नव्हतं ना. काय सांगायचं, तेच मला कळेना. मला कोंडतो, एवढं एक वाक्य होतं, ते तोंडातून बाहेर येईना."

मिस्त्रीणबाईला आठवलं, इतके महिने रोज दुपारी त्या कडीचा आवाज आला की आपण भांडी मुद्दाम आपटायचो. पोर आत काय करत होती? काही नाही. नुसती स्वतः लावलेल्या आणि स्वतःला उघडता येणाऱ्या दारामागे पडून राहत होती. मिस्त्रीणबाईला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं. पण जायला जागा नव्हती. स्वयंपाकघराला आणि तिच्या खोलीला दारच उरलं नव्हतं.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "हे दार राहणार," एवढंच ते म्हणाले आणि जेवणाचं टेबल खिडकीला आडवं लावता येतं का ते बघायला गेले. टेबल अर्ध्या खिडकीलाही पुरत नव्हतं.

आणि तेव्हा रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. घाईचा नव्हे, सभ्य माणसाचा, एकदाच.

चिमीनं तो हॉर्न ओळखला. तिनं आईकडे पाहिलं, मग दाराजवळच्या फुगलेल्या पिशवीकडे. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मीच बोलावलं," मिस्त्रीणबाई म्हणाली. "सकाळी. मला वाटलं..." काय वाटलं ते आता सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

चिमी आपल्या खोलीत गेली, दार लागलं आणि आतून कडी सरकली.

जावई पायऱ्या चढून वर आला. पावसाचे पहिले थेंब त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडले होते. "आई, बरं झालं फोन केलात. रस्ते बंद व्हायच्या आत निघायला हवं. बाबा, तुम्हीही चला की सगळे. ही पिशवी तिची ना?" आणि त्यानं पिशवी उचललीसुद्धा. कुठली ते सांगावं लागलं नाही.

मिस्त्रीणबाई आजवर जावयासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं त्याच्या हातातून पिशवी ओढून घेतली. तोही सोडेना, क्षणभर दोघं एकाच पट्ट्याला धरून उभे राहिले.

"ती येणार नाही," ती म्हणाली.

"आई, तुम्हीच तर बोलावलंत."

"बोलावलं. माझी अक्कल शेण खायला गेली होती."

समोरच्या घरातल्या शेजारणीनं दार किलकिलं करून डोकं काढलं. मिस्त्रीणबाईनं ते पाहिलं. कालपर्यंत याच शेजारणीसाठी तिनं आत्याला आजारी पाडलं होतं. आज तिनं आवाज कमी केला नाही. "माझ्या मुलीला तुम्ही खोलीत कोंडून बाहेरून कडी लावत होता. ती तुमच्या घरी परत येणार नाही. वादळात नाही आणि वादळ गेल्यावरही नाही."

जावई हसला. तेच मऊ हसू. "तिनं असं सांगितलं? आई, तिला एकटीला भीती वाटायची, म्हणून लावायचो. तिच्याच काळजीनं."

मिस्त्री टेबल टेकवून पुढे आले होते. ते बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नसावं.

"ज्याला भीती वाटते तो कडी आतून लावतो," ते म्हणाले.

हसू गेलं. त्याच्या जागी जे आलं ते मिस्त्रीणबाईनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला कळलं की चिमीनं ते रोज पाहिलं असणार. "ठीक आहे," तो म्हणाला. "ही खिडकी उघडी, वर पत्रे. उद्या पोरीला काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नका."

आता खरं सांगायचं तर, मिस्त्रीणबाईला त्याचं हे बोलणं खोटं वाटलं नाही. माणूस कसाही असला तरी घर त्याचं पक्कं होतं, आणि हिचं नव्हतं. पत्रे उडाले तर? पोरीच्या डोक्यावर काही पडलं तर? जन्मभर कुणाला तोंड दाखवेल ती? हात जोडून 'थांबा' म्हणावंसं वाटलं तिला, एक क्षणभर का होईना, वाटलंच. मग तिनं पिशवी छातीशी धरली आणि दारातून बाजूला झाली, त्याला बाहेर जायला वाट मिळावी म्हणून.

गाडी गेली. पाऊस आडवा यायला लागला होता. मिस्त्रींनी पुढचं दार लावलं आणि टेबलाला खाट लावून ठोकली. आत्यानं रेडिओ लावून पाहिला. खरखर सोडून काही येईना, तरी ती तो कानाशी धरून बसली.

मग आतली कडी सरकली. चिमी दारात उभी राहिली. डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता.

"इथे का बसलात सगळे? वर टाकी आहे म्हणून घरात एवढ्याच खोलीला स्लॅब आहे. लाकडं सरकवलीत मी. आत्या, चल. बाबा, पाण्याच्या बाटल्या घ्या."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याच हातानं बांधलेली खोली, पण ती लेकीची झाल्यापासून तीत शिरायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी आत्याला धरून नेलं. खुर्ची गेली, पाणी गेलं, बटाट्यांचं पातेलं गेलं. वारा आता पत्र्यांखाली शिरून त्यांना उचलून बघत होता. मोठ्या खिडकीची काच टेबलामागे फुटली आणि खाट जागची हलली.

मिस्त्रीणबाई मात्र चिमीच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. लग्नाआधी लेक ज्या कुठल्या खोलीत असे, तिथे शिरताना आईनं कधी विचारलं नव्हतं. दार ढकलायचं आणि आत जायचं. आज पाय उचलेना. पाठीवर पाऊस येत होता आणि ती हातातली ती फुगलेली पिशवी घेऊन पाहुणीसारखी उभी होती.

"मी येऊ का आत?" तिनं विचारलं.

चिमीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. आत्यानं तोंड उघडलं होतं, मिस्त्रींनी तिच्या दंडाला धरून गप्प केलं. चिमीच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. तो जायला बरेच दिवस लागणार होते, आणि लागले तर लागोत, असं मिस्त्रीणबाईला वाटलं.

"ये," चिमी म्हणाली. ती भिंतीला सरकून बसली आणि शेजारी जागा केली. "आणि कडी तू लाव, आई."